फॅन पार्कमधला दम मीटर

गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची टर उडवणारी मी... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण जे झालं ते झालं.

गेल्या वर्षी कबड्डीची मोठी स्पर्धा चालू होती, तेव्हा परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात फॅन पार्क भरला होता. मोठ्या स्क्रीनवर मॅच, सेल्फी पॉइंट, पब्लिकला रेड मारायला मॅट... माझ्याकडे 'दम मीटर'चा स्टॉल होता. माइकसमोर एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं, स्क्रीनवर हिरवी रेघ सरकत राहते. श्वास घेतला की रेघ पडते, बझर वाजतो. साधा खेळ.

माझे वडील, अण्णा, याच गिरणीच्या टीमचे रेडर. चाळीस वर्षांपूर्वी फायनलच्या शेवटच्या चढाईत ते दोन गडी मारून परत येत होते आणि पंच घाडीमास्तरांनी हात वर केला — दम तुटला, बाद! मॅच गेली, राज्याच्या टीममधली जागाही गेली. तिथे घाडीमास्तरांचा पुतण्या लागला. अण्णांनी पुन्हा मैदानात पाय ठेवला नाही. मरेपर्यंत एकच धोशा — "माझो दम तुटलो नव्हतो गो."

शनिवारी गिरणीच्या जुन्या खेळाडूंनाही बोलावलं होतं, आणि दुपारी चारला पाहुणे म्हणून तेच घाडीमास्तर आले. ऐंशीच्या घरातले, खांद्यावर शाल, खिशात दम्याचा पंप. मला त्यांनी ओळखलं नाही. माझ्या अंगाची नुसती आग आग झाली. "मास्तर, तुम्ही जुने पंच. पहिला मान तुमचाच!" असं गोड बोलून मी माइक पुढे केला. चारचौघांत त्यांची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं.

आठ सेकंदांत त्यांचा आवाज बसला. रेघ मात्र पडेना! ओठ हलत होते, स्पीकरमधून 'कबड्डी कबड्डी' येतच होतं... आणि प्रत्येक शब्दामागे बारीक शीळ. अण्णांचा पुढचा दात खेळताना पडला होता, ते म्हणायचे तेव्हा अशीच शीळ यायची. मास्तरांची कवळी तर घट्ट बसलेली होती.

दोन मिनिटं झाली. त्यांचा चेहरा काळानिळा पडला. माइकपासून तोंड हटेना, हाताने मला खुणावत होते — बंद कर, बंद कर. स्विच माझ्या बोटाखालीच होता. मी वाकून विचारलं, "मास्तर, दम तुटला का हो?"

त्यांनी माझं मनगट धरलं. मग किंचाळलेच — "नव्हता तुटला! गोविंदचा दम नव्हता तुटला!"

रेघ पडली. बझर वाजला.

गोविंद म्हणजे अण्णा. मी त्यांचं नाव घेतलंच नव्हतं. समोर बसलेले गिरणीचे जुने खेळाडू उठून उभे राहिले. त्यातले एक काका शांतपणे म्हणाले, "ह्या बोलूक चाळीस वर्षां लागली, मास्तर?" पंपाचे दोन-तीन झटके घेऊन मास्तर मान खाली घालून निघून गेले.

"सेन्सर हँग झाला असेल, मॅडम," टेक्निशियन म्हणाला. असेल. पण स्क्रीनवर दोन मिनिटं चौदा सेकंद दिसत होते, आणि ती शीळ त्या जुन्या खेळाडूंनीही ऐकली होती.

मी स्विच का दाबला नाही, तेवढंच मला नीट सांगता येतं.