निर्माल्याचं आच्छादन

"बुडाशी पाचोळा पसरा, ओल टिकते, पण खोडाला चिकटवू नका," असं नर्सरीवाल्याने बजावलं होतं. आमच्याकडे पाचोळा कुठला? मी आठवडाभराचं निर्माल्यच फाटकाजवळच्या कागदी लिंबाच्या झाडाभोवती गोल पसरलं.

सकाळी पाहतो तर शेजारच्या काकू चपला काढून झाडासमोर हात जोडून उभ्या!

"देव कधी बसवलात? बोलला नाहीत ते!"

श्रद्धेला किती थोडं लागतं! सुकलेला झेंडू आणि खोडाभोवती सोडलेली चार बोटं जागा.

खरं सांगणार होतो, पण जीभ आवरली. जाता-येता आमची लिंबं तोडायची काकूंना जुनी सवय. त्या दिवसापासून एकही लिंबू गेलं नाही. फक्त आता मलाही तोडता येत नाही. काकू खिडकीतून बघत असतात.