उरलेली तीन पानं

परवा वाचनालयाचं जुनं कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी मला लोणावळ्यातली ती दुपार आठवली.

तिथल्या वाचनालयात वाचन मॅरेथॉन चालू होती. ज्याला जमेल तेवढं त्यानं मोठ्यानं वाचायचं. पवनानगरच्या माझ्या मैत्रिणीनं, शैलानं, एक छोटी कादंबरी एका बैठकीत संपवायचं ठरवलं होतं. सकाळपासून वाचून तिचा घसा बसला होता. तीन पानं उरली होती, तेवढ्यात तिचा चुलतभाऊ दारात आला. त्याची पँट ओली होती.

"शैलाच्या आबांची होडी उलटली," तो माझ्या कानाशी म्हणाला. "धरणात मासं धराय गेलतं. न्हाई वाचलं. तिला बोलव."

मी त्याचा हात धरून त्याला दाराआड ओढलं. "भाऊ, तीन पानं राहिलीत. तेवढी होऊ देत."

शैलानं मधेच मान वर केली, माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा वाचू लागली. मी भिंतीला टेकून उभी होते. पुस्तक मिटलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि तेव्हा तिला तो दिसला.

"भाऊ, तू हितं कसा?"

मी बरं केलं की वाईट, ते मला कित्येक वर्षं कळलं नाही. पुढे माझेही वडील गेले तेव्हा शैला भेटायला आली आणि तिनंच विषय काढला. "बरं केलंस तू," ती म्हणाली. "तेवढी तीन पानं माझं आबा जित्तं व्हतं."

त्या दुपारनंतर मोठ्यानं मात्र तिनं कधीच काही वाचलं नाही.