सासूबाईंची सकाळची पूजा

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि नवऱ्याला तिथल्या कचेरीत नोकरी लागली होती. मी मात्र शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या खेड्यात, सासूबाईंपाशी. त्याच दुष्काळी उन्हाळ्यात माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, आणि मी जेवण सोडलं. बोलणंही सोडलं. विहिरीकडे फार वेळ बघत बसायची.

नवऱ्याने लातूरच्या डॉक्टरांना दाखवलं, सासूबाईही सोबत होत्या. ते म्हणाले, "सासूबाईंकडे बघा, किती समाधानी आहेत. देवावर हवाला ठेवा." मला असा संताप आला! समाधान काय किराण्याच्या दुकानात मिळतं, की आणलं पुडीत बांधून? शेजारच्या भाभीचंही तेच. नमाज पढून उठली की तिचा चेहरा उजळलेला. सगळ्यांना आपापला देव सापडला होता, मीच तेवढी कोरडी.

पण सासूबाई समाधानी दिसत, हे खरं. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत. माझी पूजा म्हणजे नुसती उरकाउरकी. त्या मात्र भिंतीकडे तोंड करून, पदर पुढे ओढून बसत. उठल्या की हसत भाकरी घेऊन माझ्याजवळ येत. एक घास त्यांचा, एक माझा. त्या खातील तेवढंच मी खायची.

एका सकाळी वाटलं, त्या करतात तसंच मनापासून करून बघू. हळूच जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

त्यांचा तळहात रिकामा होता. विभूतीची बोटं ओढलेली, बाकी काही नाही. मी पार हादरले. लिंग हरवलं तर नवं मिळेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो, आणि लिंग देणारे आमचे स्वामी तर कधीचे कर्नाटकात गेलेले.

"आत्याबाई, लिंग कुठाय?"

"हिरीत पडलं. पानी शेंदताना दोरा तुटला." त्यांनी मूठ मिटली. "लई दिस झाले."

"आन् तुमी तशाच जेवत राहिलात?" माझा आवाज चढला. तापानं फणफणतानाही जिनं पूजा चुकवली नाही, ती बाई रोज आमच्या डोळ्यांत धूळ फेकत होती! "पाप न्हाई वाटलं?"

"वाटलं की. एकेक घास गळ्यात आडकायचा." त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या. "पर म्या उपाशी बसले असते, तर तू कोनासंगं जेवली असतीस?"