पिंजऱ्याची कडी

माहितीपटांच्या चॅनेलवर तो आगामी कार्यक्रमांचे प्रोमो कापायचा. त्याला ऑफिसात आणि घरात एकच नाव होतं: लवकरच. कारण त्याच्या हातून गेलेला प्रत्येक प्रोमो याच शब्दावर संपायचा. भाजी आणलीस का, असं आईने विचारलं तरी हा पिशवी पाठीमागे धरून गूढ चेहरा करायचा. "प्रोमो नको, वांगी दाखव," आई म्हणायची.

बघणाऱ्याच्या घशात एक प्रश्न अडकवायचा आणि उत्तर रविवारपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवायचं, हेच त्याचं काम. कुणाचा चेहरा कुणाच्या वाक्याला चिकटवला की गंमत वाढते, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

मग चॅनेलने जुन्या प्राणिसंग्रहालयांवर मालिका घेतली आणि एका भागात नेमके ताईचे सासरे निघाले. काका अस्वलांचे रखवालदार होते. त्यांच्या नोकरीत एकदा अस्वल पिंजऱ्याबाहेर आलं आणि त्याला गोळी घालावी लागली. रखवालदाराने कडी उघडी ठेवली, अशी कुजबुज तेव्हा झाली आणि पुढे विरून गेली. माहितीपटाच्या शेवटी मात्र त्या वेळचे पर्यवेक्षक स्वतःच सांगत होते: कडी लावलेलीच होती, गंजून निखळली. ती बदला म्हणून काका सारखे मागे लागले होते, आम्हीच कानाडोळा केला.

लवकरचने प्रोमो कापला. अस्वल, रिकामा पिंजरा आणि भारदस्त आवाज: "त्या दिवशी कडी कोणी उघडी ठेवली?" यापुढे एक चेहरा हवा होता. काकांच्या मुलाखतीत ते बोलता बोलता थांबतात आणि हळूच मान खाली घालतात, असा एक सुरेख शॉट होता. खरं तर घरची मांजर त्यांच्या पायावर येऊन बसली होती. पण मांजर कशाला दाखवायची? शॉट चपखल बसला. मनात टोचलं नाही असं नाही. पण 'रविवारी कळेलच की सगळं,' म्हणून त्याने मनाला गप्प बसवलं. वर ताईला फोन केला: "बघच, तुझे सासरे कसे हिरो दिसतात!"

प्रोमो दिवसभर वाजू लागला. आठवड्याच्या मध्यावर ताईचाच फोन आला. "अरे, तुझा हिरो घराबाहेर पडत नाहीये."

निवृत्तीनंतरही काका रोज सकाळी अस्वलांसमोरच्या बाकावर जाऊन बसायचे. लवकरच पोचला तेव्हा ते खुर्चीत होते आणि बूट दाराशी तसेच पडले होते.

"काका, फिरायला नाही गेलात?"

"जातो की. लवकरच," काका हसले. ताई हसली नाही.

"गेटवरचा नवा माणूस म्हणाला, आजोबा, तुम्ही लांबूनच बघा हं, कड्यांना हात नको. गमतीत म्हणाला हो. मीही हसलो."

"रविवारी त्याचं तोंड बंद होईल. पर्यवेक्षकांनी सगळं सांगितलंय."

"पर्यवेक्षक भला माणूस. मला सांभाळून घेत असेल." काकांनी टीव्हीकडे बोट केलं. "मी माझी मान बघितली रे. आधी वाटलं, काहीतरीच. मग परत लागलं, परत बघितलं. माणूस तोंडाने काहीही सांगेल, पण मान अशी उगाच जाते का खाली? कडी लावल्याचं आठवतं असं मी इतकी वर्षं म्हणतोय. खरंच आठवतं का?"

लोकांना संशय येईल, एवढं लवकरचने गृहीत धरलं होतं. खुद्द काकांनाच येईल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने मोबाइल काढला आणि मुलाखतीचा न कापलेला तुकडा लावला. मांजर आली, पायावर बसली, काकांनी मान खाली घातली.

"अगंबाई, ही तर आपलीच मांजर," ताई म्हणाली.

काकांनी मोबाइलवरून नजर उचलली. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"हो काका. मांजर मीच काढून टाकली."

त्याच्यासाठी आणलेला चहा ताईने तसाच हातात धरून ठेवला.

तो तिथून थेट ऑफिसात गेला. "प्रोमो मस्त चाललाय, आता हात लावायचा नाही," त्याच्या विभागाच्या मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, त्या माणसाला स्वतःचाच संशय यायला लागलाय."

"रविवारी कळेलच की सगळं."

स्वतःचंच वाक्य परक्या तोंडून ऐकताना त्याचे कान तापले. तो तिथेच बसून राहिला, विनवण्या करत राहिला. शेवटी वैतागून मॅडमनी परवानगी दिली. नव्या प्रोमोत मांजर होती, मान होती आणि पर्यवेक्षकांची कबुली अख्खी होती.

"सगळंच सांगून टाकलंस! आता बघणार कोण?"

"एक माणूस बघेल," तो म्हणाला.

रविवारी कार्यक्रम सगळ्यांनी काकांच्या घरी मिळून पाहिला. पर्यवेक्षक बोलले तेव्हा दाजींनी वडिलांच्या पाठीवर थाप मारली. काका "हं" म्हणाले. रात्री लवकरच तिथेच राहिला. सकाळी काकांनी बूट चढवले तसा तोही निघाला. काकांनी बाहेरचं फाटक ओढलं, कडी घातली. दोघं गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि काका थबकले.

"कडी लावली ना मी?"

"लावलीत काका. मी बघितलं."

"तू बघितलंस होय," काका म्हणाले आणि मागे फिरले.

कोपऱ्यावर उभ्या उभ्या लवकरचला कडी हलवून पाहिल्याचा आवाज आला. मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा.