ओटीपासून पडवीपर्यंतची वायर

मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर तो निर्मळ गावच्या हरीकाकांचा. आई-वडिलांनी पोटाला चिमटा काढून मला बारावीपर्यंत शिकवलं. पण त्यापुढेही शिकता येतं आणि आमच्यासारख्या घरातल्या मुलालाही ते जमतं, हे मला काकांनी दाखवलं. ते माझ्या नात्यातले नव्हते आणि गावातलेही नव्हते. त्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडेच निघालो होतो. बोळिंजच्या आमच्या इमारतीखाली स्कूटर बाहेर काढत असताना त्यांच्या मुलीचा, सुनीताताईचा फोन आला. "सदा, बाबा गेले रे... शेजारच्या मंदावहिनींनी आत्ता कळवलं. मी नाशिकहून निघतेय. तू पुढे हो, तिथे कुणी नाहीये." काकांना चहाबरोबर आवडायची म्हणून घेतलेली खारी हँडलला लटकत होती. ती तशीच लटकत ठेवून मी त्यांच्या अंगणात पोचलो.

विक्रमगडकडच्या आमच्या गावाहून कॉलेजसाठी मी वसईत आलो, तेव्हा राहायला जागा नव्हती. निर्मळच्या एका घराची मागची पडवी रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं. काका मुंबईच्या एका कचेरीतून स्टेनो म्हणून निवृत्त झालेले, काकी नुकत्याच गेलेल्या, घरामागे केळीची आणि सोनचाफ्याची वाडी. त्यांनी मला ओटीवर बसवलं आणि विचारलं, "मराठी लिहिता येतं?" मी मान हलवली. "मग आपल्या गावाविषयी पानभर लिही." मी लिहिलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "अक्षर बरं आहे. वाक्यं मात्र चढ चढल्यासारखी दमतात. राहा इथे, बघू." माझी मुलाखत एवढीच. माझ्याशी ते असे कचेरीतल्या मराठीत बोलायचे, आणि लगेच वाडीतल्या गड्याकडे तोंड करून "पानी सोडलं का रे?" म्हणून ओरडायचे. दोन्ही बोली त्यांच्या तोंडी सारख्याच शोभत.

घरात दोन कॉम्प्युटर होते. काकांचा ओटीवर, प्रिंटर त्यालाच जोडलेला. दुसरा सुनीताताईचा जुना, तो त्यांनी झाडूनपुसून माझ्या पडवीत आणून ठेवला. मी निबंध पडवीत टाइप करायचो आणि छापायला पेनड्राइव्ह घेऊन ओटीवर जायचो. एकदा कॉलेजजवळच्या दुकानातून माझ्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस आला आणि काकांची सगळी फोल्डरं उघडेनाशी झाली. ते रागावले नाहीत. पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवून म्हणाले, "हा पाहुणा पुन्हा घरात नको. आपण वायर टाकू." दुसऱ्याच दिवशी त्यांनी लांबलचक केबल आणली आणि वाडीतली पाण्याची नळी न्यावी तशी ओटीच्या खिडकीतून वळचणीखालून पडवीपर्यंत नेली, जागोजागी केळीच्या सोपटाने, खोडाच्या सालीच्या पट्टीने, बांधत. मंदावहिनी कुंपणापलीकडून बघत होत्या. "काय हो भाऊजी, पोराच्या खोलीत फोन लावताय? हाक मारली तर ऐकू येतं की तिथवर!" काका शिडीवरूनच म्हणाले, "हाक कागदावर छापून येत नाही, वहिनी."

वायर टाकली, तरी दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना ओळखेनात. सबंध दुपार आम्ही मान खाली घालून बसलो होतो. नेटवर्कवर या नावाचा कॉम्प्युटर आधीच आहे, असा संदेश पुन्हा पुन्हा येत होता. शेवटी माझ्या लक्षात आलं. काकांनी दोन्ही कॉम्प्युटरांना एकच नाव दिलं होतं, निर्मळ. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "घर एक आहे, मग नावं दोन कशाला?" मी समजावलं की काका, गटाचं नाव एकच ठेवायचं असतं, पण त्यातल्या प्रत्येकाला स्वतःचं नाव लागतं. ते म्हणाले, "म्हणजे आडनाव एक आणि माणसं वेगळी. असं सांग ना मग!" त्यांनी स्वतःच नावं टाइप केली, ओटी आणि पडवी. पासवर्ड ठेवायला मात्र साफ नकार. "माझ्याच घरात मी कुणाला अडवू?" मग पासवर्डची अट काढून टाकली, एक फोल्डर दोघांसाठी खुलं केलं, प्रिंटरही खुला केला, आणि पडवीतून पाठवलेलं माझं पहिलं पान ओटीवर छापून आलं. काका ते हातात धरून अंगणातून पडवीपर्यंत चालत आले आणि म्हणाले, "आलं रे, आलं!"

त्यात एक गोष्ट मी धरली नव्हती. प्रिंटर त्यांच्याजवळ असल्यामुळे माझं प्रत्येक पान माझ्याआधी ते वाचायचे. मी पडवीत बटण दाबायचो, आणि थोड्या वेळाने ओटीवरून आवाज यायचा, "सदानंद, एका परिच्छेदात 'तसेच' किती वेळा? भाषण ठोकतोयस की निबंध लिहितोयस?" मी धावत जायचो. लाल पेनाने ते वाक्यांच्या मधे रेघा मारायचे, दमलेल्या वाक्याला मधेच बसवायचे आणि कागद परत द्यायचे. तीन वर्षं मी असं मराठी शिकलो. बी. ए. झालो तेव्हा आई-वडील गावाहून तांदळाचं गाठोडं घेऊन आले. आमच्या घरात तोवर कुणी पदवीधर नव्हतं. आई काकांच्या पाया पडायला वाकली, तर ते "अहो, अहो..." म्हणत मागे सरले आणि तडक वाडीत निघून गेले. बऱ्याच वेळाने केळीचा घड घेऊन परतले.

नोकरी लागली, लग्न झालं, आम्ही बोळिंजला भाड्याने घर घेतलं. पडवी रिकामी झाली. काकांनी पुन्हा कुणाला ठेवलं नाही. सुनीताताई नाशिकला बोलवत होती, पण वाडी सोडवत नाही म्हणत ते टाळायचे. मी रविवारी जायचो. चहा, खारी, थोडं वाचन. मी बोलायचो, ते ऐकायचे. आठवडाभराचं साठवलेलं ऐकणं, असं मला वाटायचं.

अशाच एका रविवारी हात धुवायला मागे गेलो, तर पडवीतला कॉम्प्युटर चालू. समोर खुर्ची नाही, टेबलावर धूळ नाही, आणि पडदा उजळलेला. वाटलं, काका विसरले असतील. बंद करायला हात पुढे केला, तर ते मागे उभे होते.

"राहू दे."

"काका, इथे कुणी बसतं का?"

"नाही रे..." ते दाराला टेकून उभे राहिले. "सकाळी चालू करून जातो. मग ओटीवर बसलं की त्या नेटवर्कच्या खिडकीत दोन नावं दिसतात. हा बंद असला की माझं एकट्याचंच दिसतं."

मग त्यांनी केळीच्या भावाचा विषय काढला. दोन कॉम्प्युटर आम्ही जोडले होते ते कागद छापण्यासाठी. त्यांना त्या जोडणीचा असा उपयोग होत असेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. पुढच्या रविवारपासून मी जाताना काहीतरी टाइप करायचं काम नेऊ लागलो, आणि पडवीत बसून ओटीवर छापायला पाठवू लागलो. आवाज यायचा, "सदानंद, हे काय लिहिलंयस?" मला तो आवाज हवा असायचा आणि त्यांना तो लावायला निमित्त.

काका गेल्यावर दिवसकार्य झालं. काही आठवड्यांनी सुनीताताईने बोलावलं. घराला कुलूप लागणार होतं, वाडी मंदावहिनींचा मुलगा बघणार होता. "कॉम्प्युटरचं मला काही कळत नाही. दोन्ही तूच ने," ती म्हणाली आणि वहिनींकडे किल्ल्या द्यायला गेली. घरात मी एकटा. सवयीने आधी ओटीवरचा कॉम्प्युटर लावला, प्रिंटरमध्ये कागद घातले, मग मागे जाऊन पडवीतला लावला. खिडकीत दोन्ही नावं आली. मी टाइप करायला लागलो, आणि झाल्यावर नेहमीप्रमाणे ओटीवर पाठवून दिलं. अंगणापलीकडे प्रिंटर घरघरला आणि थांबला. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो... कुणी हाक मारली नाही. तो कागद मी तिथेच ठेवून आलो. त्यावर हे होतं:

तीर्थस्वरूप हरीकाकांस,

सदाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. पडवी झाडून घेतली आहे. केळीला पाणी दिलं. सोनचाफा यंदा भरपूर आहे, फुलं मंदावहिनी काढतात. वायर मी आज सोडवणार आहे. सोपटं वाळून कडक झाली आहेत, कापावी लागतील.

तुमच्यामुळे शिकलो, हे वाक्य मी तुमच्यासमोर कधी पुरं केलं नाही, कारण अर्ध्यावर तुम्ही केळीच्या भावावर जायचात. आज मधे बोलायला तुम्ही नाही, म्हणून पुरं लिहितो. तुमच्यामुळे शिकलो. यात 'तसेच' एकदाही आलेलं नाही, बघून घ्या.

उजेड आहे तोवर निघतो. पोचलास की फोन कर, असं दर रविवारी फाटकापर्यंत येऊन सांगायचात. आज पोचल्यावर कुणाला कळवायचं ते समजत नाही. म्हणून आधीच लिहून ठेवतो.

पोचलो, काका.

आपला,
सदा