देवीआधीची पेज

देव आहे की नाही, हा भरल्या पोटाचा प्रश्न. माझा प्रश्न निराळा होता. असलाच, तर माझ्याशी त्याचं एवढं वैर कशाचं? माझे यजमान इंग्रज सरकारच्या जंगलखात्यात कारकून होते. मोखाड्याला साथीच्या तापात ते गेले आणि तेरावा होतो न होतो तोच आमची पाच वर्षांची गोदी तापली. घरोघरी माणसं आडवी, गाडी जुंपायला कोणी उठेना. जव्हारला भावाकडे पोचले तर पोर वाचेल, एवढ्या आशेवर मी तिला पाठीशी बांधून पायी निघाले. निघताना देवापुढे हात जोडले नाहीत. जोडावेसे वाटलेच नाहीत.

साखरशेतच्या बाजूला कुठेतरी वाट चुकले. गोदी "आई, भूक" एवढंच म्हणायची, पुढे तेही थांबलं. भाद्रपद सरत आला होता, म्हणजे जुनं धान्य संपलेलं आणि नवं अजून शेतात. एका झोपडीपुढे मी गोदीला पाठीवरून उतरवलं. आतून एक म्हातारी आली. तिने गोदीच्या पोटावर हात ठेवून पाहिलं आणि मला घरातली कणगी दाखवली. तळाला दाणा नव्हता.

झोपडीमागे वरई पिकून उभी होती. पण कणसरी मायला, म्हणजे तिथल्या लोकांच्या धान्याच्या देवीला, नवं दाखवल्याशिवाय तिकडे कोणी पिकाला विळा लावत नाही. लावला तर घरावर कोप होतो, अशी त्यांची पक्की समजूत. म्हातारी विळा घेऊन बांधावर उभी राहिली.

"राहू द्या, आजी," मी म्हटलं. "आमच्यापायी तुमच्यावर काही नको."

"माय थांबल, बाय," ती म्हणाली. "पोर नाय थांबायची."

तिने वरई कापली, भाजली, कांडली आणि पेज केली. गोदीला मांडीवर घेऊन फुंकर घालत पाजली. पोर पोटभर प्याली, तिच्याकडे बघून हसलीसुद्धा. दुपार कलायच्या आत ती त्याच मांडीवर गेली. मी काय आक्रोश केला, ते लिहवत नाही. मलाही जगायचं नव्हतं. म्हातारीने उरलेली पेज माझ्या ओठांना लावली. मी तोंड फिरवलं, तशी ती रागावली.

"देवीचा तोडलाय. सांडू नको."

मी प्याले. मग पाहिलं, तर ती स्वतः रानातला उकडलेला पाला खात बसली होती. पेज घ्या म्हटलं, तर मान हलवली.

"माझे पोटाला कसा चालल? मायला दाखवला नाय अजून."

दुःख ओसरलं नाही, ओसरणारही नाही. पण त्या दिवसापासून मी देवाला जाब विचारत नाही. तो देतो ते घेते. वाटभर मी त्याच्याशी भांडत पोरीचा जीव मागत होते, तो त्याने दिला नाही. पण माझी गोदी उपाशी गेली नाही. एवढं मागायचं मला सुचलंही नव्हतं.