अप्पांची पवनचक्की

कारखाना बंद पडला तेव्हा माझे वडील, अप्पा, बासष्टचे होते. सगळा जन्म यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेला, आणि मागांच्या खडखडाटात कानही गेले. हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. घरात आम्ही ओरडूनच बोलायचो. आपली माणसं जरा भांडखोर आहेत, अशी त्यांची समजूत होती.

वडिलांना रिकामं बसणं जमेना. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर आषाढात असा वारा सुटतो की वाळत घातलेल्या साड्या शेजाऱ्यांकडून मागून आणाव्या लागतात. या वाऱ्यावर दिवा लावायचा, असं त्यांनी ठरवलं. भंगारातून इलेक्ट्रिक सायकलची मोटर आणली, प्लॅस्टिकचा पाइप चिरून पाती केली. वायरिंग माझ्याकडे, कारण मी आयटीआय केलेली वायरमन. बल्ब लागला तेव्हा त्यांनी पवनचक्कीच्या लोखंडी खांबावर तळहात ठेवला. "बघ की, कसं अलगद फिरतंय! आवाज म्हणून न्हाय."

आवाज कसला, खालच्या भिंती घुमत होत्या! शेजारच्या काकूंची लेक बाळंतपणाला आली होती. बाळ डोळा मिटेना. काकू मला म्हणाल्या, "अप्पास्नी सांगू नगंस, वाईट वाटंल. तूच काय तर कर की."

मला नको ते शहाणपण सुचलं. अशा मोटरच्या तारा एकमेकींना जोडल्या की ती जड होते, वाऱ्याला दाद देत नाही. अप्पा दुपारी झोपले असताना मी खांबाच्या बुडाशी असलेल्या डब्यात तारा जोडून टाकल्या. म्हटलं, दोन दिवस खटपट करतील आणि नाद सोडतील.

त्यांनी नाद सोडला नाही. बेअरिंग बदललं. पाती नव्यानं कापली, परत कापली. चौथ्यांदा कापायला बसले तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "अप्पा, वायरिंग बघू का एकदा?"

"ते तुजं काम हाय. त्यात चूक न्हाय. माज्या पात्यातच खोट हाय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि "चहा ठेवते" म्हणाले.

काकूंची लेक बाळाला घेऊन सासरी गेली, त्या दिवशी मी पक्कड घेऊन गच्चीवर धावले. तिथं काहीच नव्हतं. अप्पांनी सगळं उतरवून भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं, स्वतःच्या पान्यांच्या पेटीसकट. "हात गेला माजा," एवढंच म्हणाले.

पुढं मोरीतला नळ गळायला लागला. एरवी त्यांनी कुणाला हात लावू दिला नसता. आता म्हणाले, "प्लंबरला बोलव." तो काम करत होता तोवर ते लांब खुर्चीवर बसून राहिले, जवळ येऊन बघितलंसुद्धा नाही. मला माझीच किळस आली.

गेल्या थंडीत अप्पा गेले. मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.